डावीकडची पेडलं

१

मास्तरांच्या गाडीला पाच पेडलं होती. तीन उजवीकडे, चालवणाऱ्याच्या पायाशी, आणि ब्रेक-क्लचची दोन डावीकडे, शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी. गाडी ड्रायव्हिंग स्कूलची. मास्तरांचा जन्म त्या डावीकडच्या सीटवर गेला. आधी शिकायला येणारी मंडळी कमी झाली, मग स्कूलच बंद पडलं, आणि मालकाने जाता जाता ती म्हातारी गाडी मास्तरांच्या गळ्यात घातली. "एवढी वर्षं हिच्याशी संसार केलात, आता सोडचिठ्ठी कशाला?"

दारावरची अक्षरं मास्तरांनी खरवडून काढली होती, पण ऊन तिरपं पडलं की ती पुन्हा वाचता येत. डावीकडची पेडलं काढायचं राहून गेलं. शिकवणाऱ्यासाठी काचेवर लावलेला दुसरा छोटा आरसाही तसाच राहिला.

आता मास्तर उजवीकडे बसत आणि दातांच्या लॅबचा माल पोचवत. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे साचे आणायचे, तयार कवळ्या नेऊन द्यायच्या. दिवसभर गाडीत एकटेच. "मागच्या सीटवर दातच दात, आणि बोलायला तोंड एक नाही," असं लॅबमधला कवळीवाला म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. घरीही बोलायला दुसरं तोंड नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक परगावी नोकरीला.

त्या रविवारी लेक आली ती हातात एक पिशवी घेऊन. घरात चहासुद्धा न घेता बापाला गाडीत नेऊन बसवलं. पिशवीतून काड्यापेटीएवढा प्लेअर काढला आणि एक कॅसेट. कॅसेटीला शेपटीसारखी वायर होती.

"ही काय भानगड?"

"तुमचा टेप कॅसेटशिवाय काही खात नाही ना? म्हणून ही. खोटी आहे, आत फीत नाही. ही पिन प्लेअरमध्ये खुपसायची, कॅसेट आत ढकलायची. मग प्लेअरमधलं गाणं टेपला आपलंच वाटतं."

"म्हणजे टेपला फसवायचं."

"फसवायचं नाही हो बाबा. समजूत घालायची."

पहिल्यांदा नुसती खरखर आली. मास्तरांनी पिन काढून तिच्यावर फुंकर मारली. लेक हसायला लागली. "चूल आहे का ती?" तिने पिन आत दाबली, जरा फिरवली, आणि गाडीभर गाणं पसरलं. तिच्या आईच्या आवडीचं होतं ते. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले.

"दिवसभर एकटे असता," लेक म्हणाली. "तेवढीच सोबत."

मग गाणं बारीक करून तिने खरा विषय काढला. ऑफिसने तिला दोन जागा दिल्या होत्या. एक लांबच्या मोठ्या शहरात, वरची. एक इथेच, बापाच्या गावात, होती त्याच पगाराची. महिनाअखेर कळवायचं होतं.

"इथे आले तर तुमच्याजवळ राहीन. काय करू सांगा."

मास्तरांना सांगायचं होतं, ये. जिभेवर आलेला शब्द त्यांनी गिळला. लेकीच्या पायात आपल्या म्हातारपणाची बेडी घालायची, हे त्यांच्या मनाला पटेना.

"मला काय धाड भरलीय? तुझं तू बघ," ते म्हणाले.

लेकीने रिकाम्या पिशवीची घडी घातली. "मग मी माझ्या डोळ्यांनी बघते आणि ठरवते. महिनाअखेरी येईन तेव्हा."

२

गाण्यांची सवय लागायला वेळ लागला नाही. मास्तर सकाळी गाडीत बसले की कॅसेट आत ढकलत, पिन लावत, आणि पहिल्या दवाखान्यापर्यंत गाणी ऐकत. बटणं खराब होतील म्हणून ते कशाला हात लावत नसत. एक गाणं संपे, थोडी शांतता जाई, दुसरं सुरू होई.

त्या शांततेत एकदा टक् टक् ऐकू आलं.

गाडीचा इंडिकेटर असा वाजायचा. मास्तरांनी खाली पाहिलं. इंडिकेटर बंद होता. पुढचं गाणं सुरू झालं, आणि कुठेतरी काहीतरी ढिलं झालं असेल म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नाही. जुन्या गाडीत काय वाजेल आणि काय वाजणार नाही, याचा नेम नसतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजलं. या वेळी टक् टक् थांबल्यावर एक आवाज आला. पुरुषाचा, मध्यम, जरासा घोगरा.

"आरसा बघितलास का?"

मास्तरांचा हात आपोआप आरशाकडे गेला. मग गाणं सुरू झालं आणि त्यांच्या लक्षात आलं की तो आवाज त्यांचाच होता.

दुपारी त्यांनी लेकीला फोन लावला.

"अगं, त्या डबीत माझं बोलणं भरलंयस का? शिकवतानाचं?"

"मी कशाला भरू? आणि भरणार कशी? त्यात माइकच नाही, बाबा."

"मग दुसरीकडून कुठून…"

"तुम्ही नीट जेवताय ना?"

"जेवतोय," मास्तर म्हणाले, आणि विषय तिथेच संपवला. लेकीला काळजी वाटेल असं काही आपल्या तोंडून जायला नको.

त्यांनी स्वतःची समजूत काढली. स्कूलच्या शेवटच्या दिवसांत मालकाने एकदा धडे रेकॉर्ड केले होते, घरबसल्या लोकांना शिकवायला. टेपच्या पोटात कुठेतरी त्याचा अंश राहिला असेल. असं होतं की नाही, हे मास्तरांना माहीत नव्हतं. होत असावं, असं त्यांनी ठरवलं.

३

पण तो आवाज मास्तरांचा असून मास्तरांसारखा नव्हता.

मास्तर शिकवायला चोख होते, तोंडाने फटकळ. "पाय आहे का खांब?" "आरसा भांग पाडायला दिलाय काय?" गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांची बोलणी खाऊनच गाडी शिकली होती. आणि त्यांच्या सख्ख्या लेकीला गाडी येत नव्हती. आज वेळ नाही, उद्या बघू, असं करता करता ती मोठी होऊन निघून गेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गाण्यांच्या मधला आवाज कधी चढत नव्हता. "हळू सोड क्लच. घाई नाही आपल्याला. बंद पडली? पडू दे. पुन्हा लावू." मग थोडी शांतता, समोरचा काहीतरी म्हणत असावा इतकी. मग आवाज हलकेच हसायचा. "शाब्बास, बाळ."

बाळ. मास्तर कुठल्याही शिकाऊला बाळ म्हणाले नव्हते. तो शब्द त्यांनी जगात एकाच माणसासाठी ठेवला होता.

त्यांना भीती वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण गाणी संपायची वाट बघणं सुरू झालं ते त्यानंतरच. दवाखान्यापाशी पोचल्यावर ते गाडी बंद न करता बसून राहत. आतली बाई काचेतून हात करून बोलवायची, तरी ते गाणं संपून पुढचं सुरू होईपर्यंत उतरत नसत. एवढ्या मायेने आपण बोलू शकतो, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांना वाटे, लेक इकडे येणार, आपण तिला शिकवणार, आणि तेव्हा आपण असेच बोलणार. पुढचं आपल्याला आधी ऐकू येतंय एवढंच. हा विचार खुळचट आहे हे कळत होतं. तरी ते तो रात्री उशाशी घेऊन झोपत.

एक बारीक गोष्ट त्यांना खटकत होती. साच्यांचे डबे मागे नीट बसावेत म्हणून त्यांनी डावीकडची सीट पुढे ओढून ठेवली होती. रोज सकाळी ती मागे सरकलेली असायची. शिकवताना पाय मोकळे राहावेत म्हणून ते स्वतः सरकवायचे, तितकी. खटका झिजला असेल, असं म्हणून ते ती पुन्हा पुढे ओढत.

४

एका दुपारी कवळीवाला लॅबच्या दारात सिगारेट ओढत उभा होता. मास्तर गाडीतून उतरेनात म्हणून तो खिडकीपाशी आला.

"मास्तर, आज आमच्याकडे यायचंय, का गाडीतच बिऱ्हाड?"

"थांब जरा. हे ऐक."

गाणं संपलं. शांतता गेली. पुढचं गाणं सुरू झालं.

"चांगलंय," कवळीवाला म्हणाला. "आमच्या म्हातारीला आवडेल."

"मधलं ऐकलंस?"

"मधे काय होतं?"

मास्तरांनी मागचं दार उघडून दिलं. कवळीवाल्याने डबे उचलले आणि जाताना तो म्हणाला, "मास्तर, एक विचारू? तुम्ही शेवटचं कुणाशी गप्पा मारल्या? कामाचं सोडून."

"तुझ्याशी. आत्ता."

"याला गप्पा म्हणत असाल तर कठीण आहे," असं म्हणत तो आत गेला.

परतताना मास्तरांनी प्लेअरमधून पिन उपटली. गाणं तुटलं. पिन त्यांनी चिमटीत धरली, डोळ्यासमोर. वायरचं एक टोक टेपमधल्या रिकाम्या कॅसेटीत आणि दुसरं त्यांच्या हातात.

"आता उजवीकडे घेऊ," टेपमधला आवाज म्हणाला.

मास्तरांनाही उजवीकडेच वळायचं होतं. ते वळले. रस्ता आत्ताच खणलेला होता. येताना नव्हता, आता कडेला मातीचा ढीग होता आणि मधे चर.

"पुढे चर आहे," आवाज म्हणाला. "पहिल्यावर घे. हं, असं."

मास्तरांनी गाडी पहिल्या गिअरवर घेतली आणि चर ओलांडला. मग त्यांच्या लक्षात आलं. चर आजचा होता. जुन्या धड्यात आजचा चर कसा असेल? टेपच्या पोटात राहिलेला अंश, मालकाचं रेकॉर्डिंग, सगळी समजूत त्या चरात पडली.

शिकवणारा सांगत होता आणि शिकणारा गप्प होता. इतके दिवस मास्तर त्या गप्प माणसाच्या जागी लेकीला बसवत होते. गाडीत गप्प बसलेला माणूस एकच होता.

५

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅसेट काढून प्लेअरसकट कप्प्यात ठेवली. टेप बंद. गाडीत फक्त इंजिनाची घरघर आणि मागच्या डब्यांचा खुळखुळाट. हे इतकं सुनं होतं की मास्तरांना आपल्याच श्वासाचा कंटाळा आला. मोठ्या चौकापाशी येईपर्यंत त्यांनी दोनदा कप्प्याकडे हात नेला आणि मागे घेतला.

चौकात दिवा हिरवा होता. मास्तर लेकीचा विचार करत होते. महिनाअखेर जवळ आली होती. ती येईल, घर बघेल, त्यांच्याकडे बघेल. तोंडाने नाही सांगता आलं तरी तिला कळेल. कळावं.

उजवा पाय ॲक्सिलरेटरवर होता. त्यांच्या डोळ्यादेखत ब्रेकचं पेडल खाली गेलं. सावकाश, शेवटपर्यंत, शिकाऊ माणूस घाबरू नये म्हणून मास्तर स्वतः दाबत तसं. गाडी जागच्या जागी थांबली आणि इंजिन बंद पडलं. पाठोपाठ नाकासमोरून लाल दिवा तोडून आलेला एक मोठा ट्रक हवा कापत गेला.

मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मास्तर पेडलाकडे बघत होते. ते अजून खालीच होतं.

त्या गाडीची रचना त्यांना हाताच्या रेषांसारखी माहीत होती. उजवीकडचं पेडल दाबलं तर डावीकडचं हलत नाही. डावीकडचं दाबलं तर मात्र तार ओढली जाते आणि उजवीकडचं खाली जातं.

त्यांनी डावीकडे पाहिलं नाही. "थँक्यू," ते कसेबसे पुटपुटले. पेडल वर आलं.

६

गॅरेजवाला कधीकाळी मास्तरांकडेच गाडी शिकला होता. त्यामुळे तो त्यांना खुर्ची द्यायचा आणि मागच्या बोलण्यांचं उट्टंही काढायचा.

"या मास्तर. पाय आहे का खांब?"

"डावीकडची पेडलं काढून टाक."

"आत्ता जाग आली?" तो बॅटरी घेऊन डॅशबोर्डखाली शिरला. बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते. मग आतूनच म्हणाला, "ही काढली काय आणि ठेवली काय. तार केव्हाची तुटलीय. गंजून पार भुगा झालाय. पेडलं नुसती शोभेला."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. हे घ्या टोक." त्याने तांबूस झालेला तारेचा तुकडा बाहेर टाकला. मग थांबला. "मास्तर, इकडे कोण बसतं?"

"कोणी नाही."

"मग रबर एवढं स्वच्छ कसं? कोणी बसत नाही तर इथे बोटभर धूळ हवी. ही पेडलं तर बुटाने पुसल्यासारखी." तो बाहेर आला, हात पुसले, आणि मास्तरांचा चेहरा बघून थट्टा आवरती घेतली. "काढतो. संध्याकाळी न्या."

मास्तर चालत घरी गेले. बऱ्याच दिवसांनी ते चालत होते आणि त्यांना बरं वाटत होतं. पेडलं निघतील, फार तर गाडी भंगारात घालू, लॅबला दुसरा माणूस मिळेल. लेक आली की सरळ म्हणू, ये बाळ, इथेच ये. एवढं झाल्यावर तरी माणसाने मानीपणा सोडावा.

कुलूप उघडून ते आत आले. स्वयंपाकघरात टेबलापाशी दोन खुर्च्या होत्या. एक त्यांची. दुसरी बायको गेल्यापासून टेबलाखाली सारलेली असे, रोजच्या येण्याजाण्यात तिचा अडथळा नको म्हणून.

ती मागे ओढलेली होती. पाय मोकळे राहतील इतकी.

मास्तर दारातच उभे राहिले. भंगारात घालायला गाडी होती. घर कुठे घालणार?

७

लेक आली. आल्या आल्या तिने घर झाडलं, डबे उघडून पाहिले, बापाचा शर्ट सैल झालाय हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

"उद्या कळवायचंय," ती म्हणाली. "मी जवळजवळ ठरवलंय. इथेच येते."

मास्तरांच्या छातीत काहीतरी उबदार हललं. पण त्याच वेळी त्यांची नजर त्या दुसऱ्या खुर्चीकडे गेली. रोज आत सारायची आणि रोज बाहेर यायची. लेक आता तिच्यावरच बसली होती.

"आणि इथे यायचं तर गाडी शिकवा. मास्तरांची मुलगी बसने फिरते म्हणून लोक हसतात."

नाही म्हणायला कारण सापडेना. गाडीतून पेडलं निघाली होती, त्या दिवसानंतर तिच्यात काही घडलं नव्हतं. भर दुपार होती. बंद पडलेल्या कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानात त्यांनी गाडी नेली आणि लेकीला उजवीकडे बसवलं. स्वतः डावीकडे, आपल्या जुन्या जागी बसले. बसल्याबरोबर वाटलं, जागा आपली आहे. मग वाटलं, कोणाला तरी उठवून आपण बसलोय.

लेकीने स्टिअरिंग घट्ट धरलं. "ओरडायचं नाही हं."

"नाही ओरडत. हळू सोड क्लच. घाई नाही आपल्याला."

गाडी दोन ढांगा टाकून बंद पडली.

"पडू दे. पुन्हा लावू," मास्तर म्हणाले. शब्द तोंडातून निघाल्यावर त्यांना ते ओळखीचे वाटले, पण आता ते त्यांचे स्वतःचे होते. लेक त्यांच्याकडे बघून हसली. "कोण हे? माझे बाबा कुठे गेले?"

गाडी सुटली. मैदानाला एक वळसा झाला, दुसरा झाला. लेकीच्या गालावर रंग चढला. एवढं सुख मास्तरांना किती तरी वर्षांत मिळालं नव्हतं. त्यांनी ठरवलं, आता थांबल्यावर सांगायचं, ये.

"किती हळू जायचं?" लेकीने विचारलं.

"जातेयस तेवढंच."

पण लेकीने वेग कमी केला. मग आणखी कमी केला.

"कमी का केलास?"

"तुम्ही हात करताय ना, हळू म्हणून," लेक समोरची नजर न काढता म्हणाली. "आरशात दिसतोय."

मास्तरांचे दोन्ही हात मांडीखाली होते. कुणाचं स्टिअरिंग ओढायचा मोह होऊ नये म्हणून ते शिकवताना हात असेच दाबून ठेवत.

त्यांनी समोरच्या छोट्या आरशात पाहिलं. त्यात मागच्या सीटचा एक कोपरा दिसत होता. तिथे जवळजवळ ठेवलेले दोन गुडघे होते, तपकिरी पँटीतले. मास्तरांच्या अंगावर तीच पँट होती. गुडघ्यांवर एक हात होता, तळवा खाली. तो हात सावकाश वर उचलला गेला आणि हवा दाबत खाली आला. हळू. पुन्हा वर, पुन्हा खाली. हळू, बाळ, हळू. लेक त्याच्या तालावर ब्रेक दाबत होती.

"थांबव," मास्तर म्हणाले. "थांबव गाडी. उतर."

"काय झालं?"

"उतर म्हणतो ना खाली."

ती उतरली. मास्तर दुसऱ्या दाराने उतरून तिच्याकडे धावले, तिला दंडाला धरून गाडीपासून लांब नेलं. मागे वळून पाहिलं तेव्हा गाडीची दोन्ही दारं पंखांसारखी उघडी होती आणि मागची सीट रिकामी होती.

"माझं काही चुकलं का?" लेक विचारत होती.

"नाही."

"मग बोला ना काहीतरी."

काय बोलणार होते? बोलले असते तर ती त्यांना डॉक्टरकडे नेणार, आणि मग नक्कीच इथे येणार. त्या घरात राहणार. त्या खुर्चीवर बसणार.

"तुला शिकवणं मला जमायचं नाही," मास्तर म्हणाले. "आणि तू इकडे येऊ नकोस. मला एकट्याने राहायची सवय झालीय. मधे कोणी आलं की त्रास होतो."

लेकीचा चेहरा बारीक झाला. मास्तरांनी गाडी घरी आणली. उतरताना कप्पा उघडून तिने तो प्लेअर घेतला. "सोबतच नको तर हा तरी कशाला?" खोटी कॅसेट तिने कप्प्यातच राहू दिली. संध्याकाळच्या गाडीने ती गेली.

८

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर एका दवाखान्यासमोर गाडी उभी करून बसले होते. साचे घेऊन झाले होते. रस्त्यावर लोक येत-जात होते. फोन वाजला.

"बाबा." लेकीचा आवाज मऊ होता. भांडायला केलेला फोन वाटत नव्हता. "रागावले होते मी काल. रात्रभर गाडीत झोप नाही. मग म्हटलं, गाणी ऐकू."

मास्तर ताठ बसले.

"कोणाकडून भरून घेतलंत ते, कोण जाणे. सांगायचं तरी होतं."

"काय भरून घेतलं?"

"तुमचं शिकवणं. गाण्यांच्या मधे मधे. मी सगळं ऐकलं बाबा, पहाटेपर्यंत." ती थांबली. "इतकं छान बोलता तुम्ही त्याच्याशी. मला कळलं मग. मला उगाच वाटत होतं की तुम्हाला कोणी नाही. कालचं तुमचं बोलणं मला लागलं होतं, पण तुम्ही खरंच सांगत होतात. तुमच्याजवळ माणूस आहे."

मास्तरांनी तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं. कोणी नाही, बाळ. एवढं म्हटलं असतं की ती पुढच्या गाडीने आली असती.

"हो," ते म्हणाले. "आहे एक जण."

"मी ऑफिसला कळवलं आज. तिकडची जागा घेतली. आता निवांत जाईन." ती हसली, आणि हसताना तिने नाक ओढलेलं मास्तरांना ऐकू आलं. "कोण आहे तो? सांगा ना."

"शिकाऊ आहे एक."

"बिचारा फार रडतो हो."

"कोण?"

"तोच, तुमचा शिकाऊ. बोलत काहीच नाही, नुसता रडतो. आवाज दाबून, कुणाला कळू नये असा. आणि तुम्ही त्याला समजावत असता. ऐकवत नव्हतं मला. इतक्या मोठ्या माणसाला कसलं दुःख असेल, असं वाटत होतं."

मास्तरांनी त्या टेपवर कधी रडणं ऐकलं नव्हतं. बायको गेली तेव्हासुद्धा लेकीसमोर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते न्हाणीघरात नळ सोडून उभे राहिले होते. बाप रडतो कसा हे लेकीला माहीत नव्हतं.

त्यांनी मोकळा हात गालाला लावला. गाल ओला होता. हनुवटी ओली होती, शर्टाची कॉलर भिजली होती, आत्ताच नाही, केव्हापासूनची.

"सांभाळा त्याला," लेक म्हणाली. "मी रविवारी फोन करत जाईन." आणि तिने फोन ठेवला.

काचेपलीकडे एक बाई मुलाचा हात धरून रस्ता ओलांडत होती. मास्तरांनी किल्ली फिरवली नव्हती. त्यांच्या शेजारच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली, कोणी नीट सावरून बसावं तशी, आणि घाई नसलेल्या माणसासारखं कोणीतरी त्यांचं रडणं संपायची वाट बघू लागलं.